ज्वारीच्या खणातली फिल्म

डॉ. तायडे यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत, कोणत्या कॉलेजातून आले तेही विचारलं नाही. खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावलेल्या एका एक्स-रे फिल्मकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय आहे?"

मी नुकतीच दातांची डॉक्टर झाले होते. नांदुऱ्याचीच मुलगी, पाच वर्षं बाहेर राहून शिकून आलेली. जबड्याच्या गाठींचं काम आमच्या भागात एकट्या तायडे सरांकडे व्हायचं, म्हणून त्यांच्या दवाखान्यात हात शिकायला गेले होते. फिल्ममध्ये खालच्या जबड्यात एक पांढरा, गुळगुळीत काठाचा गोळा दिसत होता. मी जरा थाटातच सांगितलं, "सर, कॅन्सर नाही."

"नाही काय ते सांगतलं. आता आहे काय ते सांग."

मी दोन-तीन नावं घेतली. त्यांनी प्रत्येक नावाला "काऊन?", म्हणजे का, असं विचारलं. तिसऱ्या "काऊन"ला मी खिडकीजवळ जाऊन गोळ्याचा काठ पुन्हा बघायला लागले. मग त्यांनी फिल्म काढली, चिकटपट्टीचा तुकडा नीट घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले, "उद्यापासून ये. डबा आणजो, दुपारी घरी जाता येत नाही." माझी नेमणूक झाली ती अशी. पुढची नऊ वर्षं मी तो "काऊन" ऐकत राहिले.

सर उंचीने बेताचे, रंगाने सावळे, आणि अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, तोंड तपासायचा छोटा आरसा असायचा. माणूस बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांकडे न बघता ते गालांकडे बघायचे. डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, पुन्हा डावा गाल. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या तोंडाला काही लागलंय. लग्नाच्या पंगतीत बसले तरी हीच तऱ्हा. एकदा माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी वाढप्याला थांबवलं, त्याचा जबडा अंगठ्याने चाचपला आणि "सोमवारी दवाखान्यात येजो" असं सांगून मगच बुंदी वाढू दिली. त्यांच्या पत्नी, कमलताई, शाळेत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "यायनं मले पाहायले आल्यावर पह्यल्यांदा अक्कलदाढ विचारली होती."

मूळचे ते सुलतानपूरचे, लोणार तालुक्यातले. तिकडची बोली जालन्याकडे झुकणारी. पस्तीस वर्षं नांदुऱ्यात काढून सर "मले-तुले"वर आले होते, पण चिडले की मूळची बोली वर यायची. त्यामुळे सर "मला" म्हणाले की दवाखान्यात सगळे सावध व्हायचे. पौर्णिमेला मात्र ते काही झालं तरी सुलतानपूरला जायचे, विहारात बसायचे, धाकट्या भावाच्या शेतात एक चक्कर टाकायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. त्या दिवशी दवाखाना सोपानभाऊंच्या ताब्यात.

सोपानभाऊ म्हणजे सरांचे कंपाउंडर. वडनेर भोलजीच्या शेतकरी घरातले. त्यांचा डावा गाल आत बसलेला होता आणि तोंड उघडलं की हनुवटी डावीकडे सरकायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, मोटरसायकलचा अपघात असेल. विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर त्या चेहऱ्याची इतकी सवय झाली की विचारायचं राहूनच गेलं. अक्षर त्यांचं फार देखणं. दवाखान्यातल्या प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी त्यांच्या हातची असायची.

आणि मग ते कपाट. त्याच्याशिवाय सरांचं वर्णन पुरं होत नाही.

बाजार समितीजवळची एक जुनी अडत बंद झाली, तेव्हा तिथलं धान्याचे नमुने ठेवायचं सागवानी कपाट सरांनी उचललं होतं. अठरा खण, प्रत्येकाला पितळी कडी, आणि प्रत्येक खणावर अडत्याने तेलरंगात लिहिलेलं नाव: ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, करडई, जवस, सरकी. सरांनी ती नावं पुसली नाहीत. त्या खणांत त्यांनी जबड्याच्या गाठींच्या फिल्मा लावल्या, एकेका जातीला एकेक खण. वरच्या दोन ओळी दातापासून झालेल्या गाठींच्या, खालच्या ओळी हाडापासून झालेल्यांच्या.

दात तयार करणाऱ्या पेशी जबड्यात मागे उरतात आणि कधी कधी वर्षांनुवर्षांनी वाढायला लागतात. त्यातली सगळ्यात हट्टी गाठ एमेलोब्लास्टोमा. ती अंगभर पसरत नाही, जीव सहसा घेत नाही, पण हाड पोखरत जाते, आणि नुसती खरवडून काढली तर परत येते. ती तुरीच्या खणात. ओडोन्टोमा नावाच्या गाठीत तांदळाएवढे इवले इवले दात सापडतात, कधी वीस, कधी तीस. ती मुगात. दाताभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या, म्हणजे सिस्ट, खरं तर गाठी नव्हेत, पण फिल्मवर गाठीसारख्याच दिसतात म्हणून त्या ज्वारीत. हाडाचा टणक गोळा, ऑस्टिओमा, हरभऱ्यात. हाडाच्या जागी धाग्यांसारखं मांस भरतं ते करडईत. रक्तवाहिन्यांची गाठ उडदात, आणि त्या खणाच्या कडीला सोपानभाऊंनी लाल दोरा बांधलेला, कारण तिथं चुकून दात उपटला तर रक्त थांबत नाही. जवसाच्या खणात जबडा सोडून बाकी हाडं: गुडघ्याजवळ वाढणारं कोंबासारखं हाड, बोटाच्या पेरातली कूर्चेची गाठ, मांडीच्या हाडातला तो छोटासा ठिपका जो रात्री ठणकतो आणि साध्या गोळीने गप्प होतो. खामगावचे त्यांचे एक हाडांचे डॉक्टर मित्र त्या फिल्मा धाडायचे. सर म्हणायचे, "जबडा काही आभायातून पडला नाही. हाड ते हाडच."

त्यामुळे आमच्या दवाखान्यातलं बोलणं बाहेरच्याला वेड्यासारखं वाटे. "तुरीतली दुसरी फिल्म काढा." "ही करडई नाही, हरभरा आहे, काठ पाहा." एकदा शेतमाल घेऊन आलेला एक माणूस दाढ दाखवायला आला होता. तो बराच वेळ ऐकून सोपानभाऊंना हळूच म्हणाला, "डॉक्टर तुरीचाबी धंदा करते काय?"

मला वाटायचं, एवढी वर्गवारी कशाला? कॅन्सर आहे की नाही, एवढंच तर पेशंटला हवं असतं. सरांना हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. एकदा जेवताना म्हणाले, "कॅन्सर नाही म्हटलं का माणूस चप्पल घालते अन् घरी जाते. मंग तुरीवाला बी घरी जाते अन् हरभऱ्यावालाबी. हरभऱ्यावाला गेला तं चालते. तुरीवाला गेला तं जबडा जाते." एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातली मिरचीची भाजी उचलली. नऊ वर्षं त्यांनी माझ्या डब्यातली भाजी अशीच न विचारता उचलली.

पेशंटकडून ते एक विचित्र गोष्ट मागवायचे: लग्नाचा अल्बम. वडनेर भोलजीच्या रेखाताई आल्या तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. उजवा गाल सुजलेला, दुखत नाही, पण शेजारणींनी कॅन्सर ठरवून टाकलेला. बाई पंधरा दिवस जेवल्या नव्हत्या. नवरा कोपऱ्यात हात बांधून उभा. सरांनी गाल चाचपला आणि नवऱ्याला विचारलं, "लग्नाचा अल्बम आहे काय घरी?"

दुसऱ्या दिवशी तिघं आले. अल्बमबरोबर सासूबाईही आल्या, कारण अल्बम त्यांच्या पेटीत असतो आणि पेटीतली वस्तू त्या एकटी बाहेर सोडत नाहीत. सरांनी भिंग घेतलं. हळदीचे फोटो उलटले, अंतरपाट उलटला, आणि वधू-वर एकमेकांना घास भरवतात त्या फोटोवर थांबले. सगळ्यांना जवळ बोलावलं. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या फोटोत नवरीचा उजवा गाल डाव्यापेक्षा बोटभर फुगीर होता.

"पाह्यलं? भाऊ, ही गाठ या घरात तुमच्या बायकोसंगच आली. सोयरीक जुनी आहे."

सासूबाई चटकन म्हणाल्या, "म्हंजे माहेरूनच आणली म्हना!"

रेखाताई एकदम हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण नवरा चकित होऊन बघत राहिला. चौदा वर्षं इतकी हळूहळू वाढणारी गाठ कॅन्सरच्या चालीने चालत नाही, हे सरांनी मग सोप्या शब्दांत समजावलं. पण "जा आता घरी" म्हणाले नाहीत. तुकडा काढला, औषधाच्या बाटलीत घातला, सोपानभाऊंनी चिठ्ठी लिहिली, बाटली अकोल्याच्या लॅबला गेली. करडई निघाली. रेखाताई अजून दर दिवाळीनंतर दाखवायला येतात आणि येताना करंज्या आणतात.

खोटं बोलून भलं करायचं नाही, हा सरांचा आणखी एक हट्ट. बाजार समितीतले एक मापारी टाळूला गाठ लागते म्हणून आले. तंबाखूच्या पुडीला जिभेने जागा शोधताना ती सापडली होती. घाबरून तीन दिवस पुडीला शिवले नव्हते. सरांनी आरशात बघितलं आणि सांगितलं की हे टाळूचं हाडच उंच आहे, लाखो लोकांना असतं, जन्मभर असलं तरी काही होत नाही. मापारी तरंगतच निघाले. मी आणि सोपानभाऊ दोघंही हळहळलो. सोपानभाऊ म्हणाले, "सर, पुडीनं झाली म्हनून सांगून देलं असतं तं सुटली असती ना!"

"खोट्यानं सोडलेली पुडी दोन महिन्यात वापस येते. अन् मंग आपलं खरंबी कोणी आयकत नाही." असं म्हणून त्यांनी मापाऱ्यांना दारातून परत बोलावलं, पुडी ठेवतात त्या गालाच्या आतला पांढरा चट्टा त्यांच्याच हातात आरसा देऊन दाखवला. "भ्यायचं तं याले भ्या." मापाऱ्यांनी पुडी सोडली की नाही मला माहीत नाही. पण ते चट्टा दाखवायला नेमाने येत राहिले.

आता मी जे केलं ते सांगते. मी तिथं रुळून दोन वर्षं झाली होती आणि मला कपाट पाठ झालं होतं. एका पौर्णिमेला सर सुलतानपूरला गेलेले, पेशंट कमी, म्हणून मी खण लावायला घेतले. ज्वारीच्या खणात अगदी वर एक जुनी, पिवळट फिल्म होती. खालच्या जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात न उगवलेली अक्कलदाढ आणि तिच्याभोवती काळी पोकळी. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: सिस्ट. आणि त्याच फिल्मला टाचणीने लावलेला लॅबचा कागद, सहा वर्षांनंतरचा: एमेलोब्लास्टोमा. नाव घडीत गेलेलं. म्हणजे ही तूर होती, ज्वारीत चुकून राहिलेली. मी ती उचलून तुरीत ठेवली आणि आपण केवढं काम केलं अशा समाधानात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी सकाळी सकाळी ज्वारीचा खण ओढला. तो खण अडकायचा, खालून ठोकावा लागायचा. आत बघितलं आणि वळले.

"फिल्म कुणी हलवली? मला इचारलं व्हतं का?"

"मला" ऐकल्याबरोबर मी हातातला ट्रे खाली ठेवला. मी सांगितलं, चुकीच्या खणात होती, म्हणून बरोबर खणात ठेवली. त्यांनी तुरीतून ती काढली, ज्वारीत सगळ्यात वर ठेवली आणि खण बंद केला. दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. दुपारी माझ्या डब्याकडे वळलेही नाहीत. मला रागच आला. चूक दुरुस्त केली तर शाबासकी द्यायची सोडून हा कसला ताठा, असं मनात म्हणत मी चपात्या गिळल्या.

उत्तर मिळालं ते महिन्याभराने, तेही कचऱ्याच्या बादलीतून. आठवडी बाजाराचा दिवस, बाहेर गर्दी मावत नव्हती. मी एका आजोबांची सिस्ट काढली. लहानशी, वठलेल्या दाताच्या मुळाशी असते ती, शंभरातल्या नव्याण्णव वेळा निरुपद्रवी. पिशवी निघाली ती ट्रेमध्ये ठेवली, टाके घातले, पुढचा पेशंट घेतला आणि ट्रे साफ झाला. आमच्याकडे नियम होता: तोंडातून जे निघेल ते बाटलीत. कितीही साधं दिसो, बाटलीत. संध्याकाळी सोपानभाऊंनी बाटल्या मोजल्या. चार कामं, तीन बाटल्या.

"सायबीण, आजोबाची बाटली?"

मी म्हटलं, "अहो, ती साधी सिस्ट होती. टाकली गेली असेल."

सर आत हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला, बाहेर आले, नवे हातमोजे चढवले आणि कचऱ्याची पिवळी बादली कागदावर उलटी केली. सोपानभाऊ शेजारी बसले. साठीचा माणूस आणि पन्नाशीचा माणूस, दोघं उकिडवे बसून रक्ताळलेले कापसाचे बोळे एकेक उघडून बघत होते. मी मध्ये "सर, मी करते" म्हटलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून नाही, नको म्हणून. पाऊण तासाने एका बोळ्याला चिकटलेली ती पातळ पिशवी सापडली. बाटलीत गेली. दहा दिवसांनी कागद आला: साधी सिस्ट. सरांनी तो वाचला, "बरं झालं" म्हणाले आणि फाईलला लावला. मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

बादली उलटली त्या संध्याकाळी सर गेल्यावर सोपानभाऊ दार लावायचे थांबले. मी रडकुंडीला आले होते हे त्यांना दिसत होतं.

"सायबीण, ते ज्वारीतली फिल्म पाह्यली व्हती ना तुम्ही? कागदावरचं नाव वाचलं काय?"

"नाही."

"माह्यी हाये ते."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बावीस वर्षांचे असताना त्यांच्या डाव्या गालात सूज आली. सर तेव्हा नवे, हात चालणारे, दवाखान्यात गर्दी. फिल्म काढली, अक्कलदाढेभोवती पिशवी दिसली, सिस्ट म्हणून काढून टाकली. जखम छान भरली. काढलेली पिशवी तपासायला पाठवली नाही, फेकून दिली, कारण ती सिस्टच दिसत होती. तशीच दिसणारी एमेलोब्लास्टोमा असते, हे सरांना पुस्तकातून माहीत होतं. पण त्या दिवशी बाहेर बारा पेशंट बसले होते.

"सहा सालानं गाल वापस सुजला. सरायनं तुकडा पाठोला. कागद आला तं मले अन् माह्या बापाले समोर बसोलं. म्हने, चूक माह्यी हाये. पह्यल्याच वक्ती बाटलीत टाकलं असतं तं एवढं वाढलं नसतं. आता अर्धा जबडा काढा लागते. माह्या बापानं टेबल उलटं केलं, सायबीण. सर हालले नाईत."

नागपूरला ऑपरेशन झालं. दवाखाना बंद ठेवून सर बरोबर गेले, नळीने पेज पाजायला शिकले, अकरा दिवस राहिले. परत आल्यावर सोपानभाऊ शेतात जाईनात, लोकांत बसेनात. ठरलेलं लग्न मोडलं. वर्षभराने सर त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, माझ्याकडे बाटल्यांवर नावं लिहायला चांगल्या अक्षराचा माणूस पाहिजे.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. लय सालं व्हता. चिठ्ठ्या लिवता लिवता कमी झाला." त्यांनी कुलूप हातात घेतलं. "त्यायनं सांगतलं नसतं तं मले काय समजलं असतं? गाठ वापस आली, नशीब, असंच म्हनलं असतं आमी. सांगतलं म्हनून तं मी इथं हावो."

मला त्या दिवशी सरांची जितकी भीती वाटली तितकीच माया वाटली, आणि स्वतःची लाज.

सोपानभाऊंची तपासणी दर वर्षी जानेवारीत व्हायची. ही गाठ दहा, वीस, तीस वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून ती कायमची. संपूर्ण जबड्याची फिल्म निघायची, सर ती काचेवर लावून बराच वेळ बघायचे, मग सोपानभाऊंच्या जबड्यावरून अंगठा फिरवायचे. उरलेल्या हाडाच्या टोकापासून उजव्या कानापर्यंत, आणि परत. शेवटी म्हणायचे, "पुढच्या वर्षी येजो." रोज सकाळी साडेनऊला दवाखान्याचं कुलूप उघडणारा माणूस गंभीरपणे उत्तर द्यायचा, "हाव सर, येतो." मी दरवर्षी हसायचे. ते दोघं नाही.

मग सरांचे डोळे गेले. एकदम नाही, मधोमध एक धुकट डाग आला आणि वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. फिल्म वाचायची म्हणजे समोरचंच बघायचं. त्यांनी एका आठवड्यात हत्यारं खाली ठेवली, दवाखाना माझ्या हाती दिला आणि घरी बसले. फक्त जानेवारीत यायचे, सोपानभाऊंसाठी. मी फिल्म वाचायची, त्यांनी ऐकायचं.

गेल्या जानेवारीत आले तेव्हा फार वाळले होते. कमलताईंनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की हृदयाचं दुखणं आहे, जास्त बसवू नका. आता फिल्म काचेवर नाही, कॉम्प्युटरवर दिसते. सर खुर्चीत बसले, सोपानभाऊ त्यांच्यामागे उभे.

"उजवीकून सांग."

मी उजवीकडून सांगत आले. कानाजवळचा सांधा ठीक. दाढा ठीक. हनुवटी ठीक. मग डावीकडे, जिथं हाड कापलं होतं त्या टोकाला, मला एक ठिपका दिसला. काळा, मुगाएवढा. मागच्या वर्षीच्या फिल्ममध्ये तो नव्हता.

मी थांबले. सर आजारी. सोपानभाऊ पंचावन्न वर्षांचे, अर्धा जबडा आधीच दिलेला. मला मनापासून वाटलं की आज "ठीक" म्हणावं, सरांना शांतपणे घरी जाऊ द्यावं, आणि सोपानभाऊंना उद्या एकट्याला सांगावं. एका दिवसाने काय बिघडणार होतं? त्यांना दिसत तर नव्हतंच.

"डावीकडं काय आहे?" सर म्हणाले.

"काळा ठिपका आहे सर. हाडाच्या टोकाला. नवा आहे."

"काठ?"

"एका बाजूनं साफ. एका बाजूनं नाही."

"काय असंल?"

"व्रणसुद्धा असू शकेल. गाठ परत आली असंही असू शकेल. फिल्मवरून सांगता येत नाही."

सरांनी खुर्ची सोपानभाऊंकडे वळवली. मग म्हणाले, "मंग बाटली काढ."

तुकडा मी त्याच दुपारी काढला. सर बाजूच्या स्टुलावर बसून होते, त्यांचा हात सोपानभाऊंच्या पायावर. टाका घालून झाल्यावर सोपानभाऊ उठून बसले, तोंडात कापूस, ओठ बधिर. सवयीने टेबलापाशी गेले, चिठ्ठी घेतली आणि पेन उघडलं. मी म्हटलं, "राहू द्या, मी लिहिते." त्यांनी ऐकलं नाही. आपल्या देखण्या अक्षरात स्वतःचं नाव, वय, डावा जबडा, असं सगळं लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीला चिकटवली. मला बघवलं नाही. मी उगीच हत्यारं धूत उभी राहिले.

कागद यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत सोपानभाऊंनी एकदाही विषय काढला नाही, आणि सरांचा रोज संध्याकाळी फोन: "आला?" दहाव्या दिवशी आला. मी फोनवर सांगते म्हटलं तर नको म्हणाले, ऑटो करून स्वतः आले. मी वाचून दाखवलं. व्रणाचे धागे, नवं हाड. गाठीची एकही पेशी नाही.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, ज्याचा आता काही उपयोग नव्हता. सोपानभाऊ कपाटापाशी गेले, ज्वारीचा खण खालून ठोकून उघडला आणि ती पिवळी फिल्म काढली.

"सर, तीस वरसं झाले. आता तरी तुरीत टाकू काय इले?"

"नाही."

"काऊन?"

सरांना तो शब्द परत मिळाला तेव्हा ते किंचित हसले. "ज्वारी म्हणूनच फेकली होती मी ते. तिथंच राहू दे. आता ही बाई एकटी बसते इथं. बाजाराच्या दिवशी खण उघडंल तं हातात आली पाह्यजे." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं बाजूला बघत म्हणाले, "तू ठिपका सांगितला. मला वाटलं नव्हतं तू सांगशील." या वेळी ते "मला" म्हणाले, आणि चिडलेले नव्हते.

निघताना दारात थांबले. सोपानभाऊंच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला, हाडाच्या टोकापासून उजव्या कानापर्यंत नेला, आणि परत आणला. ताजा टाका होता तिथं अंगठा उचलून पलीकडे टेकवला.

"पुढच्या वर्षी येजो."

सोपानभाऊंनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. सरांचा हात धरून त्यांना एकेक पायरी खाली उतरवत म्हणाले, "मी तं इथंच हावो सर. तुम्ही येजा."

सर ऑटोत बसले. "पाहू," म्हणाले. ऑटो स्टेशन रोडला वळेपर्यंत सोपानभाऊ पायरीवरच उभे होते. मग ते आत आले आणि बाकीच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. या जानेवारीत त्यांची फिल्म मी काढली, उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचली, आणि समोरची खुर्ची रिकामी होती.